सह्याद्रीत सॅलमँडर का सापडत नाही?

जूनअखेरीस पाऊस स्थिरावला की शनिवारी रात्री दादर स्टेशनावर सॅक पाठीला लावलेली मंडळी दिसू लागतात. कोणी लालबागचं, कोणी परळचं, कोणी गिरगावातून आलेलं. शेवटची कर्जत किंवा कसारा लोकल, मग पहाटेपासून डोंगर. रविवारी संध्याकाळी ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडतो आणि त्यात हमखास एक फोटो असतो: ओल्या दगडाखालून निघालेला, चकचकीत अंगाचा, चार पायांचा, लांब शेपटीचा प्राणी. खाली प्रश्न, “हा सॅलमँडर का रे?”

उत्तर जवळजवळ नेहमी एकच असतं: नाही, ही सापसुरळी.

पण प्रश्न चुकीचा नाही. सॅलमँडरला ओल लागते, गारवा लागतो, दगडांच्या फटी आणि कुजलेला पाला लागतो, जवळपास साचलेलं किंवा वाहतं पाणी लागतं. यातलं सह्याद्रीत काय नाही? आंबोलीला वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे मुंबईच्या साधारण तिप्पट. बेडकांच्या तर कितीतरी जाती इथल्या घाटांत आहेत आणि त्यातल्या काही जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. तरी अख्ख्या सह्याद्रीत, नाशिकपासून केरळपर्यंत, सॅलमँडर एकही नाही. भारतात तो पाहायचा तर दार्जिलिंग, सिक्कीम किंवा ईशान्येकडचे डोंगर गाठावे लागतात.

असं का? याचं अर्धं उत्तर या प्राण्याच्या कातडीत आहे. उरलेलं अर्धं खंडांच्या प्रवासात आहे आणि त्याचा एक पुरावा चक्क वरळीच्या टेकडीतून निघालेला आहे.

आधी ओळख पटवू

पाल, सरडा, सापसुरळी हे सरपटणारे प्राणी. त्यांच्या अंगावर खवले असतात, बोटांना नखं असतात, कातडी कोरडी असते. सापसुरळीची चकाकी ओलीची नसते, गुळगुळीत खवल्यांची असते. उन्हात ती खुशाल शेकत बसते आणि चाहूल लागताच सुळकन नाहीशी होते.

सॅलमँडर बेडकाच्या गोतावळ्यातला, म्हणजे उभयचर. अंगावर खवले नाहीत, बोटांना नखं नाहीत, पुढच्या पायांना सहसा चारच बोटं. कातडी मऊ आणि ओलसर. चाल संथ. अंडी कवचाची नसतात, बेडकासारखी बुळबुळीत आवरणातली असतात. गेममुळे आणि खेळण्यांमुळे मुलांना ठाऊक झालेला गुलाबी अ‍ॅक्सोलॉटल हाही मेक्सिकोतला एक सॅलमँडरच.

आज जगात उभयचरांच्या आठ हजारांहून जास्त जाती माहीत आहेत. त्यांचे गट तीन. बिनशेपटीचे बेडूक आणि भेक सर्वाधिक. शेपटीवाले सॅलमँडर आणि न्यूट आठशेच्या आसपास. तिसरा गट बिनपायांचा. त्यांना मराठीत देवगांडूळ म्हणतात आणि त्यांच्या जाती दोनशेहून थोड्या अधिक आहेत. हा तिसरा गट लक्षात ठेवा, पुढे त्याच्याशी काम आहे.

कातडीनं घेतलेला श्वास

आपण छातीचा भाता हलवून हवा आत ओढतो. सॅलमँडर बराचसा श्वास कातडीतून घेतो. हवेतला ऑक्सिजन आधी कातडीवरच्या चिकट ओलाव्यात विरघळतो, तिथून पातळ कातडीखालच्या केशवाहिन्यांत शिरतो आणि कार्बन डायऑक्साइड त्याच वाटेनं बाहेर पडतो. यासाठी दोन अटी आहेत: कातडी पातळ हवी आणि ती कायम ओली हवी.

अडचण इथेच सुरू होते. ऑक्सिजनला आत येऊ देणारी कातडी पाण्यालाही बाहेर जाऊ देते. उन्हाळ्यात आपण माठ भरून ठेवतो तेव्हा पाणी त्याच्या अंगातून झिरपतं आणि वाऱ्यावर उडून जातं. सॅलमँडरचं अंग तसंच झिरपतं, फक्त त्याला वरून पाणी ओतणारं कोणी नसतं. कोरड्या गरम वाऱ्यात थोड्याच वेळात त्याच्या जिवावर बेततं.

गारवा ही अडचण तीन बाजूंनी हलकी करतो. पहिलं, थंड दमट हवेत बाष्पीभवन मंदावतं. दुसरं, थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो: समुद्रसपाटीला ५ अंश तापमानाच्या लिटरभर गोड्या पाण्यात सुमारे १२.८ मिलिग्रॅम, तर ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम ७.५. तिसरं, या प्राण्यांचं शरीर बाहेरच्या तापमानाप्रमाणे थंड होतं, आणि थंड शरीराची ऑक्सिजनची भूकही कमी असते. पुरवठा वाढतो, गरज घटते.

हे गणित इतकं जुळतं की सॅलमँडरच्या सर्वांत मोठ्या कुळानं फुप्फुसं पूर्णपणे सोडून दिली आहेत. या कुळाचं नाव प्लेथोडोंटिडी. सॅलमँडरच्या एकूण जातींपैकी निम्म्याहून अधिक याच कुळातल्या, आणि उत्तर अमेरिकेतले अ‍ॅपलाचियन, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले डोंगर ही त्यांची मोठी ठाणी. श्वासाचं सगळं काम कातडी आणि तोंडातलं ओलसर अस्तर भागवतं.

डोंगर चढला की जात बदलते

साधारण दर हजार मीटर उंचीला हवा साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे उष्ण प्रदेशातही पुरेसा उंच डोंगर असेल तर त्याच्या माथ्याजवळ गारव्याचा एक पट्टा मिळतो. तिथला प्राणी मात्र तिथेच अडकतो, कारण शेजारच्या डोंगरावर जायचं तर मधल्या गरम दरीत उतरावं लागतं.

अमेरिकी शास्त्रज्ञ डॅनियल जान्झेन यांनी १९६७ साली या बाबतीत एक मार्मिक मुद्दा मांडला. थंड देशातल्या प्राण्याला वर्षभरात कडाक्याची थंडी आणि उन्हाळा दोन्ही सोसावे लागतात, त्यामुळे खिंड किंवा दरी ओलांडताना होणारा तापमानाचा फरक त्याला नवा नसतो. उष्ण कटिबंधात एका उंचीवरचं तापमान वर्षभर फारसं बदलत नाही. तिथल्या प्राण्याला फरक सोसायची सवयच नसते. म्हणून तेवढ्याच उंचीचा डोंगर त्याच्यासाठी अधिक अवघड अडथळा ठरतो. मध्य अमेरिकेत एकेका डोंगराच्या वाट्याला स्वतःचे वेगळे सॅलमँडर आले आहेत, ते अशा अडथळ्यांमुळे.

उंचीवर राहायचं तर पिल्लांचाही प्रश्न येतो. बर्फाळ माथ्यावर अंडी घालायला योग्य डबकं मिळेलच असं नाही. युरोपातल्या आल्प्स पर्वतातल्या काळ्या सॅलमँडरनं यावर जालीम तोड काढली आहे. त्याची मादी अंडी घालतच नाही. पिल्लं पोटात वाढवते आणि पूर्ण वाढलेली, बहुधा दोनच, जन्माला घालते. त्यासाठी दोन ते तीन वर्षं लागतात, फार उंचावर त्याहूनही जास्त.

दार्जिलिंगच्या तळ्याकाठी

भारतातले सॅलमँडर टायलोटोट्रिटॉन या प्रजातीतले आहेत. दार्जिलिंगपासून मणिपूरपर्यंतचा सगळा प्राणी एकाच जातीचा, असं दीर्घकाळ मानलं जात होतं. चीनच्या युन्नान प्रांतातून १८७१ साली जिचं वर्णन झालं तीच ही जात, असा समज होता. २०१५ साली पूर्व नेपाळ आणि दार्जिलिंगकडच्या प्राण्यांना हिमालयाच्या नावाची स्वतंत्र जात म्हणून ओळख मिळाली.

हा प्राणी वीतभर लांबीचा, तपकिरी. पाठीच्या दोन्ही कडांना गाठींची एकेक ओळ असते. तो शोधायचा कसा? वर्षातला बराच काळ तो पाल्याखाली, ओंडक्याखाली, मातीच्या भेगांत असतो. जंगलभर पाला उपसत फिरलं तर हाती काही लागण्याची शक्यता कमी आणि त्याच्या घराची नासधूस मात्र खात्रीची. म्हणून शोधणारे पाणी गाठतात. पावसाळ्याच्या तोंडावर सरी सुरू झाल्या की नर-माद्या तळ्यांत उतरतात, माद्या पाणवनस्पतींवर अंडी चिकटवतात, बाहेरून कल्ले असलेली पिल्लं पाण्यात वाढतात. या काही महिन्यांत टॉर्च घेऊन काठाकाठानं चाललं तर तो नजरेस पडतो.

दार्जिलिंगजवळ सुकियापोखरीच्या परिसरात, सुमारे २,२०० मीटर उंचीवर, जोरपोखरी नावाची तळ्यांची छोटीशी जागा याच प्राण्यासाठी अभयारण्य म्हणून राखली आहे. तळं बुजलं, काठ सिमेंटनं बांधला किंवा अंडी खाणारे मासे आणून सोडले, की त्या भागातला सॅलमँडर संपतो. बाकीचं जंगल कितीही शाबूत असलं तरी उपयोग नसतो.

मग सह्याद्रीचं काय बिघडलं?

सरळ सुचणारी दोन कारणं आहेत. आपला सह्याद्री ठेंगणा आहे: महाराष्ट्रातलं सर्वोच्च कळसूबाई १,६४६ मीटर, आंबोली तर सातशे मीटरच्या आसपास. आणि आपल्याकडे पाऊस चार महिने कोसळतो, उरलेले आठ महिने डोंगर वाळत जातो.

दोन्ही कारणं खरी, पण ती पुरी पडत नाहीत. गारवा सॅलमँडरला मानवतो हे खरं असलं तरी बोलिटोग्लॉसा या प्रजातीतले काही सॅलमँडर दक्षिण अमेरिकेत अ‍ॅमेझॉनच्या सखल, उष्ण जंगलांत राहतात. सतत दमटपणा मिळाला तर उष्मा सोसता येतो. दक्षिणेकडे केरळ-तमिळनाडूत तर सह्याद्री अडीच हजार मीटरच्या वर जातो, आणि तिथे कोरडे महिनेही कमी. सॅलमँडर तिथेही नाही.

राहता राहिला कोरडा काळ. तो सोसण्याची युक्ती तिसऱ्या गटानं, देवगांडुळांनी, शोधलेली आहे: जमिनीत खोल जायचं आणि पाऊस आला की वर यायचं. त्यांचीही कातडी ओली आणि झिरपणारीच. पण ते खंडाळ्यापासून आंबोलीपर्यंत आणि पुढे गोव्यात सुखानं नांदतात. एकाच डोंगरात उभयचरांचा एक गट आहे आणि दुसरा नाही, तेव्हा केवळ हवामानाकडे बोट दाखवून भागत नाही. कोण कुठून आलं, हे बघावं लागतं.

दक्षिणेचं बिऱ्हाड

पृथ्वीवरची जमीन एकेकाळी एकसंध होती. तिचे तुकडे होताना उत्तरेकडे एक मोठा भाग झाला, त्यात आजचा युरोप, उत्तर अमेरिका आणि बहुतेक आशिया. दक्षिणेकडच्या भागात आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका, मादागास्कर आणि भारत. या दक्षिण भागाचं नाव गोंडवन.

सॅलमँडरचा विस्तार उत्तर भागात झाला. त्यांचे अतिप्राचीन जीवाश्म मध्य आशिया, चीन, युरोप इथले आहेत. आजही ऑस्ट्रेलियात सॅलमँडर नाही, आफ्रिकेत फक्त उत्तरेच्या भूमध्य समुद्राकाठच्या पट्टीत आहे, आणि दक्षिण अमेरिकेत तो उत्तरेकडून नंतर उतरलेला आहे. देवगांडुळांचा नकाशा याच्या उलट: आफ्रिका, दक्षिण अमेरिका, सेशेल्स बेटं, भारत.

भारताचा भूभाग सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासून सुटला, साधारण ६.४ कोटी वर्षांपूर्वी सेशेल्सपासून सुटला आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला धडकला. मधल्या काळात त्याच्यावर जे प्राणी होते ते दक्षिणेकडचे. याचा एक ठळक साक्षीदार २००३ साली उजेडात आला. केरळच्या सह्याद्रीत जमिनीखाली राहणारा, जांभळट रंगाचा, टोकदार नाकाचा बेडूक शास्त्रज्ञ एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोस्युत यांनी जगापुढे आणला. त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक भारतात नाहीतच. ते आहेत सेशेल्स बेटांवर.

वरळीच्या टेकडीतले बेडूक

आणखी एक साक्षीदार परळपासून फार दूर नाही. मुंबई ज्या काळ्या दगडावर उभी आहे तो ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा. लाव्हा एका दमात आला नाही. एक थर आला, थंड झाला, मधल्या काळात त्यावर पाणथळ जागा तयार झाल्या, गाळ साचला आणि मग वरून पुढचा थर आला. दोन थरांमध्ये दबलेला तो गाळ आज पातळ पापुद्र्यांच्या दगडाच्या रूपात मिळतो. वरळीच्या टेकडीतल्या अशा थरांत एकोणिसाव्या शतकात इवल्याशा बेडकांचे सांगाडे सापडले. ‘डायनोसॉर’ हे नाव जगाला देणारे रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली लंडनमध्ये त्यांचं वर्णन केलं. त्याच टेकडीतून गोड्या पाण्यातल्या एका कासवाचे अवशेषही निघाले.

१९३० साली न्यूयॉर्कचे जी. के. नोबल यांनी ते बेडूक पुन्हा तपासले आणि त्यांना इंडोबॅट्राकस हे नवं नाव दिलं. नोबल यांना त्यांचं साम्य दिसलं ते ऑस्ट्रेलियातल्या बेडकांशी. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी इथल्या दलदलीत राहणाऱ्या बेडकाचं नातं त्यांनी दक्षिणेकडे जोडलं, आशियाशी नाही. वरळीच्या ज्ञात जीवाश्मांत सॅलमँडर नाही. जीवाश्म न सापडणं हा पक्का पुरावा नसतो, पण बाकीच्या नकाशाशी ते जुळतं.

भारत आशियाला भिडल्यावर तरी सॅलमँडर खाली का आला नाही? तो आला, पण ईशान्येच्या दमट डोंगरांपर्यंत. तिथून सह्याद्री गाठायचा तर मध्ये गंगेचं गरम मैदान, मग मध्य भारताचा कोरडा पट्टा. आपल्या तळ्यापासून फार दूर न जाणाऱ्या, ओल्या कातडीच्या, संथ प्राण्याला ते ओलांडणं अवघड. गंमत अशी की वाहतूक उलट दिशेनं झाली. इक्थिओफिस या गटातले देवगांडूळ भारतातून निघून आग्नेय आशियात पसरले, असं अभ्यासक मानतात.

शोधायचंच असेल तर देवगांडूळ शोधा

देवगांडुळाच्या अंगावर गांडुळासारखी वलयं असतात, पण त्याला कणा आहे, जबडा आहे, दात आहेत. डोळे बारीक, काहींचे तर कातडीखाली किंवा हाडाखाली झाकलेले. डोळा आणि नाकपुडी यांच्या दरम्यान एक छोटा स्पर्शक असतो. त्यानं तो मातीतला वास आणि स्पर्श टिपतो. असं इंद्रिय दुसऱ्या कुठल्याही कणाधारी प्राण्याला नाही.

या प्राण्यांच्या शोधाचा मुंबईशी जवळचा संबंध आहे. १८८३ साली मुंबईतल्या आठ हौशी निसर्गप्रेमींनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. फोर्टमधलं तिचं हॉर्नबिल हाउस दक्षिण मुंबईकरांच्या रोजच्या वाटेवर आहे. १८८६ पासून निघणाऱ्या तिच्या नियतकालिकात सह्याद्रीच्या बेडकांची कितीतरी माहिती साठली आहे. सोसायटीचे जे. सी. डॅनियल यांनी पश्चिम भारतातल्या उभयचरांवर तिथे मार्गदर्शक लेखमाला लिहिली. पुढे वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आंबोलीत नवा देवगांडूळ मिळाला तेव्हा २००३ साली त्याला डॅनियल यांचं नाव दिलं गेलं. पुढच्याच वर्षी कोयनेच्या परिसरातून आणखी एक जात नोंदली गेली, तिच्या नावात महाराष्ट्र आहे. तिची सख्खी बहीण खंडाळ्याची, १९६० साली वर्णन झालेली. एकेका घाटाची वेगळी जात, हा मध्य अमेरिकेतल्या डोंगरांचा कित्ता आपल्याकडेही दिसतो.

देवगांडूळ शोधण्याची रीत दार्जिलिंगपेक्षा निराळी. तो तळ्यावर येऊन दर्शन देत नाही. पहिले जोरदार पाऊस झाले, माती भुसभुशीत झाली की मोठे दगड, कुजके ओंडके, शेणखताचे ढीग, पोफळीच्या बागेतली ओली माती या त्याच्या जागा. अभ्यासक परवानगी घेऊन कुदळीनं किंवा खुरप्यानं वरचा वीतभर थर हळूहळू उकरतात. हौशी माणसानं खणू नये. दगडाखाली डोकावणं पुरे.

> चौकट: दगड उलटण्याआधी
>
> • दगड आपल्याकडे उचला, म्हणजे खाली साप असला तर तो पलीकडे जाईल.
> • पाहून झालं की दगड होता तसाच ठेवा. त्याखालची ओल हेच प्राण्याचं घर आहे.
> • हात लावायचा नाही. लावावाच लागला तर हात साध्या पाण्यानं ओले करा. सॅनिटायझर, डासांचं मलम, घामाचं मीठ त्याच्या कातडीतून थेट आत जातं.
> • एका डोंगरावरून दुसऱ्यावर जाताना बुटांचा चिखल धुऊन, बूट वाळवून जा. उभयचरांच्या कातडीचे रोग ओल्या चिखलातून पसरतात.
> • फोटोत बोटं, कातडी आणि वलयं दिसू द्या. ठिकाण आणि तारीख लिहून ठेवा.
> • खवले आणि नखं असतील तर सरपटणारा प्राणी, वलयं आणि जबडा असेल तर देवगांडूळ.

सोडू नका, मारू नका

उद्या एखाद्या डबक्यात खरोखरच सॅलमँडर दिसला तर? पहिला संशय घ्यायचा तो कुणीतरी सोडून दिलेल्या पाळीव प्राण्याचा. अ‍ॅक्सोलॉटल किंवा आणखी कुठला परदेशी न्यूट नकोसा झाला म्हणून तलावात सोडणं हे दयेचं काम नाही. नेदरलँड्समधले काळे-पिवळे सॅलमँडर झपाट्यानं मरू लागले तेव्हा २०१३ साली त्यामागची एक नवी बुरशी ओळखली गेली. ती कातडीच पोखरते, म्हणजे श्वासावरच घाला घालते. मूळ आशियातली ही बुरशी पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून तिथे पोचली असावी, असं मानलं जातं. सह्याद्रीतल्या बेडकांची आणि देवगांडुळांची कातडीही तशीच उघडी आहे.

सॅलमँडर बाहेरून आणून सह्याद्री समृद्ध होणार नाही. जे आधीपासून इथे आहे, त्याला ओल मिळत राहिली म्हणजे झालं. कोकणात खताचा ढीग उपसताना देवगांडूळ वर येतो आणि सापाचं पिल्लू समजून अनेकदा कुदळीचा घाव खातो. तो चावायला धावत नाही, माणसाला त्याच्यापासून अपाय नाही, उलट मातीतले किडे आणि वाळवी खाऊन तो बागायतदाराचं कामच करतो. यंदा सुट्टीत गावी जाल तेव्हा बागेत काम करणाऱ्यांना एवढं सांगा: वलयांचा, बिनखवल्याचा, ओलसर जीव दिसला तर फावड्यानं अलगद उचलून सावलीतल्या ओल्या मातीत सोडून द्या आणि वर थोडा पाला टाका.